दार कुणी उघडलं नाही

सिनेमातली शांतता मुद्दाम रेकॉर्ड केलेली असते. एका जागेचं शूटिंग संपलं की पंखे बंद करतात, माणसं जिथल्या तिथे थांबतात आणि त्या खोलीचा रिकामा आवाज टिपून घेतात. पुढे संवाद जोडताना तो त्यांच्याखाली अंथरायचा. हे अंथरायचं काम माझं. प्रेक्षकाला ते जाणवलं, तर मी ते वाईट केलं असं समजायचं.

यंदाच्या सिनेमासाठी घेतलेली कादंबरी होती युरोपातली, दोनेकशे वर्षांपूर्वीची. एक घड्याळजी आपल्या भागीदाराचा खून करतो, अर्धं आयुष्य कोठडीत काढतो आणि म्हातारा होऊन सुटतो. शेवटच्या प्रकरणात कोठडीचं दार उघडतं आणि तो बर्फात पाऊल टाकतो. मी पुस्तक वाचलं होतं. दिग्दर्शकाने वाचलं होतं की नाही देव जाणे. त्याने ते प्रकरणच उडवलं.

"सुटका दाखवली की लोक चपला शोधायला लागतात," तो म्हणाला. "आपला माणूस आतच राहणार."

युनिटमधले त्याला पाठीमागे जेलर म्हणायचे. तोंडावर सर.

घड्याळजी झाला होता माझा धाकटा भाऊ, बंड्या. आजवर त्याने प्रेतं केली, हवालदार केले, एकदा नायकाच्या अंगावर पडणारा माणूस केला. आईने तेवढ्यासाठी तो टुकार सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला. तोंड उघडायला मिळेल अशी भूमिका ही पहिलीच.

कोठडी प्लायवूडची होती. तीन भिंती, वर दगडासारखा रंग, आणि एक खरं जुनं लाकडी दार, बाहेरून कडी असलेलं. चौथी भिंत नव्हतीच, तिथे कॅमेरा. शेवटच्या दिवशी जेलर म्हणाला, शांतता टिपताना यालाही आत ठेवा, मला श्वास हवाय. बाहेरून कडी घातली. सगळे निमूट उभे राहिले. मग पॅकअपची आरोळी झाली, दिवे गेले आणि बंड्या नसलेल्या भिंतीतून चालत बाहेर आला. रोज सगळे तसेच यायचे. त्यात बोलण्यासारखं काय होतं?

घरी आल्यावर तो गप्प झाला. नटाला भूमिका चिकटते वगैरे मी पुष्कळ ऐकलंय. ते बहुतेक मुलाखतीपुरतं असतं. हा मात्र बंद दारासमोर उभा राहायचा. बाथरूमचं असो, फ्रिजचं असो. हात खाली सोडून, कुणीतरी उघडेपर्यंत.

"अरे, हात झडले का तुझे?" आई सुरुवातीला ओरडली. नंतर न बोलता उघडून द्यायला लागली. पुढे आम्ही दारं उघडीच ठेवली. माणूस कशालाही सरावतो, आणि सरावला की त्याला काही वाटत नाही.

मग डबिंग सुरू झालं. आमच्या स्टुडिओत भिंतींना जाड गाद्या आहेत, खाली गालिचा. टाळी वाजवली तर हातातच मरते. काचेच्या एका बाजूला बंड्या, दुसऱ्या बाजूला मी. त्याने पहिलं वाक्य म्हटलं आणि माझ्या हेडफोनमध्ये ते घुमत आलं. दगडी खोलीत घुमतं तसं. मागे कुठेतरी पाण्याचा थेंब पडत होता.

मी माइक बदलला. वायरी बदलल्या. शेवटी सेटवर टिपलेली शांतता काढून ऐकली. तोच घुमारा, तोच थेंब. प्लायवूड असं घुमत नाही. आणि त्या सेटवर पाण्याची बादलीसुद्धा नव्हती.

घुमारा मशीनवर गाळता येतो. मी गाळला. त्याच्याबरोबर बंड्याचा आवाजही गेला. खाली काहीच उरलं नाही.

"हा काय विहिरीत उतरून बोलतोय का?" जेलर म्हणाला. "उद्या नीट आलं नाही तर दुसऱ्या कुणाचा आवाज घालू. कुणाला कळतंय!"

आईला कळणार होतं. प्रेतं करून करून ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याचं तोंड हा माणूस परत शिवून टाकणार होता. मी त्याची गचांडी धरायला हवी होती. पण नुसतं बधीर दातावर कुणी टिचकी मारल्यासारखं वाटलं.

खाली टॅक्सी आली. बंड्या तिच्या दारासमोर उभा राहिला. मी दार उघडलं, तेव्हा बसला.

"बंड्या, काय होतंय रे तुला?"

तो टॅक्सीच्या बंद दाराकडे बघत होता.

"ताई, दार कुणी उघडलंच नाही."

"कुठलं दार?"

"मी भिंतीतून आलो. दारातून नाही आलो."

सकाळी मी सेटवाल्या सुताराचं गोदाम गाठलं. भिंती मोडून त्यांचा ढीग लावला होता. दार मात्र चौकटीसकट उभं होतं, मागून टेकू दिलेलं. कडी अजून घातलेली.

"हे मोडलं नाहीत?"

"चांगलं लाकूड आहे मॅडम, दुसऱ्या पिक्चरला चालेल. का, घरी नेताय? नवऱ्याला कोंडायला?"

"उघडायचंय."

"उघडा की. मागे काही नाहीये, आधीच सांगतो."

कडी दोन्ही हातांनी ओढावी लागली. दार उघडलं. गार हवा आली, ओल्या दगडाचा वास आला. पलीकडे रंगाचे डबे, एक मोडकी खुर्ची. मी चौकट ओलांडून आत गेले.

"चल बंड्या," मी हळूच म्हटलं.

माझ्या खांद्याला काहीतरी घासून बाहेर गेलं. वारा असेल. गोदामाला खिडकी नव्हती.

फोन वाजला. आई होती. "अगं, याने आत्ता स्वतः फ्रिज उघडला! म्हणतो, खायला काय आहे!" ती हसत होती की रडत होती, कळेना.

"मॅडम, जपून, तिथे खिळे पडलेत," सुतार म्हणाला. मी फोन कानाला लावून टेकूंच्या बाजूने वळसा घालून त्याच्याकडे आले. त्याने दार लोटलं आणि कडी घातली.

"हलवताना फडफडतं," तो म्हणाला.

दुपारी बंड्या स्टुडिओचं दार खांद्याने ढकलून आत आला.

"काय ताई, असं तोंड का? प्रेतं मी करतो, तू नाही."

त्याचं पहिलंच वाक्य कोरडं, स्वच्छ, अगदी कानाजवळ आलं. थेंब नाही, घुमारा नाही. "हेच हवं होतं मला," जेलर म्हणाला, जणू यानेच केलं.

मला काहीच वाटलं नाही. बटण दाबून मी माइकमध्ये म्हटलं, "छान. पुढचं घे."

बंड्याने हेडफोन काढून बघितला, परत लावला.

"ताई, तू कुठून बोलतेयस?"

मी काचेपलीकडे होते. त्याच्या अगदी समोर.

जेवणाची सुट्टी झाली. बंड्या जेलरला काहीतरी सांगून हसवत पुढे गेला. बाकीचे त्याच्या मागोमाग गेले आणि दार आपोआप लागलं.

मी उठले, दारासमोर जाऊन उभी राहिले. हात खाली सोडून.