खिळ्यावरची नान

"सूनबाई, ती नान खाली काढ. आला तो."

ओयनिसाचे हात पिठात होते. अकरा वर्षांतली पहिली दोन ज्या शब्दांची तिनं वाट पाहिली, आणि पुढची नऊ धास्ती घेतली, ते सासूनं चहा मागावा इतक्या सहज उच्चारले. अंगणात तुतीच्या झाडाखाली तिचा नवरा नुसरत उभा होता... वाळून काटकी झालेला, दाढी पांढरी, पायात कुणाचे तरी सैल जोडे. सासूला, सालोमतबीबींना, दिसत नव्हतं. पण लहानपणापासून तो फाटकाची कडी दोनदा वाजवायचा, तेवढं त्यांना पुरलं.

गिजदुवान गावच्या त्या आळीत लांब जाणारा माणूस निघताना नानचा एक घास चावतो आणि उरलेली नान खिळ्याला टांगतात. मग त्याचं दाणापाणी तिथं अडकतं, ते संपवायला त्याला घरी यावंच लागतं. नुसरत शाळेत भूमिती शिकवायचा. एक दिवस म्हणाला, "इथं काहीच खरं वाटत नाही. जे खरं आहे ते शोधून येतो." घास घेतला आणि गेला... या दर्ग्यावरून त्या दर्ग्यावर, या पीराकडून त्या पीराकडे.

ओयनिसाच्या पोटी मूल नव्हतं. तिचा भाऊ दोनदा न्यायला आला. "अगं, ज्याला देव हवाय त्याला बायको कशाला? चल घरी," म्हणाला. पण आंधळ्या म्हातारीला कुणाच्या गळ्यात बांधायची? ती राहिली. नान भाजून बाजारात विकू लागली. आणि म्हातारी रोज सकाळी भिंत चाचपत खिळ्यापाशी यायची, चावलेल्या कडेवरून बोटं फिरवायची आणि म्हणायची, "आहे हो, माझ्या नुसरतची आहे." चहाची वाटी घेऊन शेजारी उभ्या असलेल्या सुनेचं नाव मात्र तिच्या ओठांवर कधी आलं नाही. ते शल्य ओयनिसाच्या अंतःकरणात खोल रुतून बसलं होतं.

दुसऱ्या वर्षी उंदरांनी घात केला. सकाळी खिळ्याला नुसती दोरी उरली होती. म्हातारी उठायच्या आत ओयनिसानं तेवढीच नान भाजली, नानच्या मधोमध उमटवायचा तोच ठसा मारला, स्वतः घास चावला आणि टांगली. म्हातारीची बोटं कडेवर जरा थांबली. "आहे हो, आहे," एवढंच ती म्हणाली, आणि पुढं रोज एवढंच म्हणत राहिली. तेवढ्यावर भागलं, याचंच ओयनिसाला हायसं वाटलं.

पण पाप मनाला चावत राहिलं. नान गेली, आता तो यायचा नाही, आणि हे माझ्या हातून झालं... कितीतरी महिने ती तंदुरात डोकं घालून रडली. तिथं रडलं तर धुरावर खपतं. मग एका सकाळी, ओली बाही सावरत तिसावी की एकतिसावी नान तंदुराच्या भिंतीला थापताना, तिच्या लक्षात आलं की आपण कुणाचीच वाट पाहत नाही आहोत. आत काहीतरी निवलं होतं. ते दुसऱ्या दिवशीही निवलेलंच राहिलं, पुढंही राहिलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. भुवया करपलेल्या बाईला असलं काही मिळालं, हे कुणाला पटणार होतं?

आता ती नान जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर होती आणि वाटीत चहा वाफाळत होता. नुसरतनं नान उचलली आणि तो थबकला. पोरवयात याच तुतीवरून पडून त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता. त्यानं काहीही चावलं तरी मधे उंचवटा राहायचा. हा घास लहान होता, सारखा होता. त्यानं बायकोकडे पाहिलं. ओयनिसानं नजर खाली वळवली नाही.

"तुझीच आहे ना रे?" म्हातारीनं विचारलं.

"माझीच आहे, आई."

त्यानं तुकडे चहात बुडवून शेवटच्या कणापर्यंत खाल्ले. दाढीतून आसवं ओघळत होती, ती त्यानं पुसली नाहीत.

संध्याकाळी तो तंदुरापाशी येऊन बसला. "घास तुझा होता."

"तुमची नान उंदरांनी खाल्ली. माझ्यामुळे उशीर झाला असेल तर..."

"उंदरांचा दोष नाही. प्रत्येक दारात दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणायचो, पुढच्या दारात असेल." तो तिच्याकडे पाहत राहिला. "जे शोधत होतो ते तुझ्या तोंडावर दिसतंय. कुठं मिळालं तुला?"

"आधी पऱ्हाट्या आत सारा, नाहीतर विस्तव विझेल." त्यानं त्या सारल्या तशी ती म्हणाली, "इथंच मिळालं. जायला मला सवड कुठं होती? आणि ऐका, तुमच्यावरचा राग गेलेला नाही माझा."

"असू दे. उद्या पऱ्हाट्या मी आणतो."

सकाळी सालोमतबीबी भिंत चाचपत आल्या. रिकाम्या खिळ्यावर त्यांचा हात थांबला. ओयनिसा चहा घेऊन उभी होती.

"आई, संपली ना ती काल."

"ठाऊक आहे. खोटं बोललं पोरगं. अकरा वर्षांत तेवढं तरी शहाणपण शिकून आलं." म्हातारीनं चाचपत सुनेचा हात पकडला. "त्याच्या तुटक्या दाताची खूण माझ्या बोटांना कळणार नाही होय गं? नऊ वर्षं तुझ्याच घासावर हात फिरवत होते."

ओयनिसानं वाटी खाली ठेवली. "मग बोलला का नाहीत?"

"भीती वाटायची. तुझा भाऊ येऊन गेल्यापासून रात्र रात्र डोळा लागायचा नाही. सकाळी हात लावायचे आणि म्हणायचे, आहे हो, आहे. तुझी नान खिळ्यावर आहे. गेलीस तरी परत येशील."

तंदुरात एवढी वर्षं धुराच्या नावावर खपलेलं रडू ओयनिसाला आज भर उजेडात आलं. म्हातारीनं तिला रडू दिलं आणि मग तिच्या पाठीवर थाप मारली.

"पुरे. ती तर त्यानं खाऊन टाकली. ताजी आण एक, आणि घास तू घे, ओयनिसा."

ओयनिसानं गरम नान आणली, कडेचा घास चावला आणि नान खिळ्याला टांगली.