मुरलेला आवाज

मिरजेच्या बाजारात आता "जुन्यातलं सगळं नव्यात टाकून द्या" असं कुणी म्हणत नाही. पूर्वी फोन बदलला की दुकानदार चहा संपेपर्यंत जुन्यातलं नव्यात ओतून द्यायचा, आणि गिऱ्हाईक जुना फोन तिथेच टाकून जायचं. मुरत्या चिपा आल्या आणि ते सुख संपलं.

झालं ते असं. साध्या चिपमध्ये आठवण एका जागी असते आणि आकडेमोड दुसऱ्या जागी. पण मोठमोठ्या संगणक-कोठारांनी जगातली मेमरी अशी काही गिळायला सुरुवात केली, की घड्याळं, फोन, कानातली यंत्रं यांच्या वाट्याला काही उरेना. तेव्हा शास्त्रज्ञांनी दोन्ही कामं एकाच जागी आणली. धातूच्या ऑक्साइडचा एक थर, केसापेक्षा हजारपट पातळ. त्यातून वीज ज्या वाटेने पुन्हापुन्हा जाते ती वाट रुळते, माळावर पायवाट पडते तशी. चिपला जे काही येतं ते त्या वाटांमध्येच असतं. वेगळी यादी नाही, फाइल नाही, त्यामुळे तिची नक्कल काढता येत नाही. वापरणाऱ्याच्या सवयीने ती हळूहळू मुरते, म्हणून लोकांनीच तिला मुरती चिप म्हणायला सुरुवात केली.

यास्मिन मुजावरला हे सगळं ठाऊक होतं. ज्या दुकानात तिचे अब्बा तंबोरे बनवायचे, त्याच दुकानात ती बावीस वर्षं मोबाईल दुरुस्त करत होती. तोंडाने फटकळ, पण हात असा हलका की अख्ख्या गल्लीतले कारागीर अडलेलं काम तिच्याकडे आणून टाकायचे. आणि त्या गल्लीची एक रीत होती. बंद पडलेली वस्तू आली की आधी प्रश्न नाही, तपासणी नाही, गरम हवेची गन घ्यायची आणि म्हणायचं, हीट मारून बघू. दहातल्या सात वस्तू तेवढ्यानेच उठून बसायच्या. आतला सुटलेला टाका वितळून पुन्हा चिकटायचा, बस.

त्या गुरुवारी दुपारी विश्वजित आवटीची चाकाची खुर्ची ढकलत त्याला सांभाळणाऱ्या शेवंतामावशी आल्या. विश्वजित तेहेतीस वर्षांचा. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. डोकं तल्लख, बुद्धिबळ शिकवायचा, पण हातपाय आणि जीभ त्याचं ऐकत नसत. त्याचं बोलणं जगात एकाच माणसाला कळायचं, त्याच्या आईला. बाकी सगळ्यांना ते नुसतं गुरगुरणं वाटायचं.

मग बोलक्या निघाल्या. बोलकी म्हणजे गळ्यात अडकवायची काडेपेटीएवढी डबी, आत मुरती चिप. माणूस अडखळत काही बोलला की ती तेच स्पष्ट शब्दांत म्हणून दाखवते. पण तिला आधी शिकवावं लागतं. आवटीकाकू दोन वर्षं रोज संध्याकाळी लेकाशेजारी बसल्या. तो बोलला की बटण दाबून त्या अर्थ सांगायच्या. कुणीतरी त्यांना सुचवलं होतं की शिव्या तेवढ्या गाळा. काकू म्हणाल्या, "त्याने शिवी दिली तर शिवीच सांगणार. गोड करून सांगायला मी कोण?" आठ महिन्यांपूर्वी काकू गेल्या. बोलकी राहिली.

त्यामुळे विश्वजित दुकानात शिरला की पहिला बाण ठरलेला असायचा: "काय आपा, आज किती जणांचे फोन कायमचे झोपवलेस?" यास्मिनही उलट सुनवायची. काकूंच्या माघारी तो तिच्याशी मनातलंही बोलायचा. त्याचा थोरला भाऊ धनंजय नोकरीमुळे पुण्यात. तो विशूला तिथल्या अपंगांसाठीच्या एका निवासात ठेवू पाहत होता. विशू निक्षून सांगायचा, मी मिरज सोडणार नाही, माझे शिष्य इथे आहेत, माझी खिडकी इथे आहे.

आज मात्र बोलकी मेली होती. काकूंनी अशा वेळेसाठी एक खूण ठरवली होती. हो असेल तर डोळे वर, नाही असेल तर घट्ट मिटायचे. यास्मिनने एकेक विचारत काढून घेतलं. परवा शनिवारी धनंजय येणार, सोबत निवासाच्या बाई येणार. नियम असा, की जाणाऱ्याने आपल्या तोंडाने हो किंवा नाही सांगायचं.

"म्हणजे तुला परवाच्या आत आवाज पाहिजे," यास्मिन म्हणाली. विशूचे डोळे वर गेले.

डबीच्या आत बारीक अक्षरात इशारा होता, चिपला उष्णता देऊ नये. तिने तो वाचलाही. पण तशी सूचना तर हल्ली प्रत्येक वस्तूवर असते. तिने गन उचलली. फक्त चाळीस सेकंद.

दिवा लागला. विशूने तोंड उघडलं, आणि बोलकी म्हणाली, "नमस्कार. दुरुस्तीबद्दल मी आपला आभारी आहे."

यास्मिन हसली. तिला वाटलं थट्टा करतोय. तो पुन्हा बोलला, आणखी मोठ्याने, मानेच्या शिरा ताणून. बोलकी म्हणाली, "मी ठीक आहे. काळजी करू नका." शेवंतामावशी म्हणाल्या, उन्हाचा दमलाय, घरी नेते. खुर्ची वळली तेव्हा यास्मिनच्या मनात पाल चुकचुकली, पण तिने स्वतःला समजावलं, की चालू झालं ना, मग झालं तर.

रात्रभर ते "आपला" तिच्या कानात खुपत राहिलं. शुक्रवारी सकाळी तिने पुण्याला डॉ. शरयू टेंबे यांना फोन लावला. मुरत्या चिपांच्या थरावर काम केलेल्या त्या शास्त्रज्ञ. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडीला द्यायची बारीक घासणी, करून घ्यायला वर्षानुवर्षं अब्बांकडे यायच्या, त्यामुळे ओळख जुनी. यास्मिनने काही न लपवता सगळं सांगितलं.

"जवारीवर कुणी सरसकट कानस फिरवली तर काय होईल?" टेंबेबाईंनी विचारलं.

"तार वाजेल. पण तो तंबोरा राहणार नाही."

"तसंच झालंय. उष्णतेने थरातले कण हलतात आणि वाटा बुजतात. आईने पाडलेल्या सगळ्या वाटा गेल्या."

"मग ती बोलते कशी?"

"खाली कारखान्यातला पक्का थर असतो. हजारो लोकांच्या बोलण्यावरून घडवलेला. यास्मिन, ती आता त्याचं ऐकतच नाहीये. तो बोलायला लागला की ती सुरू होते, तो थांबला की थांबते. मधे जे येतं ते समोरच्याचं ऐकून, चारचौघं अशा वेळी जे म्हणतील ते."

पुन्हा शिकवता येईल का, असं यास्मिनने विचारलं. येईल की, त्या म्हणाल्या, दोन वर्षं लागतील, फक्त त्याचं बोलणं ज्याला कळतं अशा माणसाने शेजारी बसायला हवं. एवढं बोलल्यावर त्यांच्याच लक्षात आलं, की तसं माणूस एकच होतं, आणि ते आता नव्हतं.

शनिवारी सकाळी यास्मिन आवटींच्या घरी पोचली तेव्हा बैठक सुरू झाली होती. निवासाच्या बाईंनी हसतमुखाने विचारलं, "विश्वजित, तुम्हाला आमच्याकडे यायला आवडेल ना?" विशूचं अंग वेताच्या छडीसारखं ताठ झालं. घशातून एक लांब, फाटका आवाज निघाला.

"हो, नक्कीच," बोलकी शांतपणे म्हणाली. "दादा माझ्यासाठी किती करतो. तो म्हणेल तसं."

धनंजयच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. यास्मिनला क्षणभर वाटलं, आपण गप्प बसलो तर कुणाला कधी कळणार नाही. गल्लीत बावीस वर्षांचं नाव आहे. धनंजय काही वाईट माणूस नाही. निवासही बरा असेल. तिने विशूकडे पाहिलं. त्याचे डोळे घट्ट, घट्ट मिटलेले होते. आणि त्या खोलीत त्या डोळ्यांकडे कुणी बघतच नव्हतं. आवाज असताना डोळे बघायची गरज कुणाला?

"हे त्याचं बोलणं नाही," ती म्हणाली. "मी बिघडवलंय ते." मग उभ्या उभ्याच तिने सगळं सांगून टाकलं: गन, चाळीस सेकंद, वाचूनही न मानलेला इशारा, टेंबेबाईंचा शब्द न् शब्द. शेवटी ती खुर्चीपुढे बसली आणि तिने विचारलं, "विशू, तुला पुण्याला जायचंय?"

"मी तयार आहे," बोलकी म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

निवासाच्या बाईंनी कागद पिशवीत घातले आणि त्या निरोप घेऊन गेल्या. धनंजय त्यांना दारापर्यंत सोडून परत आला. मग म्हणाला, "आई गेल्यापासून तो पहिल्यांदाच माझ्याशी चांगलं बोलत होता, आपा. परवापासून दोन दिवस आम्ही फोनवर किती बोललो." तो पुढे झाला. डबीच्या बटणापर्यंत हात नेला, आणि ते न दाबताच मागे घेतला. घरात आधीच फार शांतता होती.

यास्मिन तशीच खुर्चीपुढे बसून राहिली. तिला रडू आवरेना. तिने विशूचे आखडलेले हात हातात घेतले. ती म्हणाली, मी रोज येईन, एकेक शब्द मला शिकव, डोळ्यांनी हो-नाही करत शिकव, म्हातारी होईपर्यंत शिकेन. आणि मग न राहवून म्हणाली, "काकूंनी पाडलेल्या वाटा मी पुसल्या रे. मला माफ करशील?"

विशू बोलला. खूप वेळ बोलला. मधे दोनदा दम लागून थांबला, पुन्हा बोलला. इतकं लांब तो आजवर कधी बोलला नव्हता.

"तुमची काहीच चूक नाही," बोलकी म्हणाली. "मी तुम्हाला कधीच माफ केलंय."

यास्मिनने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते वर गेले नाहीत, मिटलेही नाहीत. ते उघडेच होते, तिच्यावर खिळलेले.