ढगाच्या आतले रंग

पहारेकरी मिलान दारात पोस्टवाल्याकडून पार्सल घेत होता, तेव्हा आतून काच कोसळल्याचा आवाज आला. सव्वानऊ वाजले होते. दोघेही धावले. मधल्या दालनात 'ढग' नावाचं काचशिल्प चौथऱ्यावरून पडून फुटलं होतं. काचांखाली उर्जा बर्गे पालथी पडली होती.

यामिनी गजभिये आणि तिचे सासरे यशपाल एस-बान लोकलमधून उतरून टेकडी चढून आले, तोवर पोलीस पोचले होते.

स्टुटगार्टमधल्या या छोट्या संग्रहालयात आजच्या चिनी कलावंतांची काचशिल्पं होती. साताऱ्याची उर्जा तिथं त्यांची डागडुजी करायची. यामिनी तिची मैत्रीण; एका इन्स्टिट्यूटमध्ये काचेला तडे का जातात याचा अभ्यास करायची. काल संध्याकाळी सहाला उर्जाचा मेसेज आला होता : 'उद्या संग्रहालय उघडायच्या आधी ये. एक गोष्ट दाखवायचीय. तुझ्याच विषयातली.'

ओळख पटवायला पोलीस अधिकारी फ्राऊ हार्टविग तिला दोरीपर्यंत घेऊन गेल्या.

"हीच का?"

"हो." यामिनी म्हणाली. तिनं नजर खाली वळवली. फरशीवरचं रक्त वाळून तपकिरी झालं होतं. त्यावर पडलेल्या काचा मात्र स्वच्छ होत्या.

"अपघात आहे," संचालक हेर रॉयटर म्हणाले. "ती पुसायला गेली असणार. खरं तर तिला मनाई होती. मार्चमध्ये या शिल्पाची पेटी मी उघडली, मीच ते मांडलं. तेव्हापासून माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही."

"आवाज झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?" हार्टविगनी विचारलं.

"वर, ऑफिसात. उद्या शिल्पकार येणार आहेत. त्याची तयारी."

"आणि ही सकाळी किती वाजता आली?"

"मी तिला येताना पाहिलं नाही, मधल्या दालनात अजून गेलोही नव्हतो," मिलान म्हणाला. "काल सातला मी निघालो तेव्हा ती इथंच होती. कुलूप हेर रॉयटर लावणार होते. तिच्या हातात त्या दोन काळसर फिल्म होत्या. नेहमी त्यांच्यातूनच ती काच बघायची."

हार्टविगनी उर्जाची हत्यारांची पेटी उघडली. फिल्मचा कप्पा रिकामा होता.

यशपाल भिंतीशी उभे होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते चकाकी कापणारा गडद चष्मा लावायचे. शिल्पाचा उशीएवढा तुकडा माहितीच्या पांढऱ्या स्क्रीनपुढे घसरत गेला होता. ते वाकून त्याच्याकडे बघत राहिले.

"यामिनी, या काचेत रंग दिसून राहिले बघ. पट्टेच्या पट्टे."

"बाबा, बिनरंगीच तर काच आहे."

"अगं, नाही. बघ ना."

तिनं त्यांचा चष्मा लावला. तिनं मान तिरकी केली, तसे पट्ट्यांचे रंग बदलले.

"फ्राऊ हार्टविग, हा अपघात नाही."

"कशावरून?"

"जाड काच ओतली की फार हळू थंड करावी लागते. एवढी असेल तर कित्येक आठवडे. घाई केली की आत ताण राहतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण अशा स्क्रीनच्या उजेडात, अशा चष्म्यातून, तो रंग होऊन दिसतो. उर्जाच्या फिल्म याच कामाच्या होत्या. ही काच घाईत ओतलेली नक्कल आहे. तेच तिला मला दाखवायचं होतं."

"आणि मृत्यू?"

"रक्त वाळल्यावर काचा पडल्यात. ती कालच गेली. आज कुणीतरी 'ढग' तिच्यावर पाडला. अपघातही दिसावा आणि नक्कलही नाहीशी व्हावी. मिलान दारात होता, पोस्टवाला साक्षीदार आहे. आत एकच माणूस उरतो."

"अदलाबदल तिनंच केली असेल!" रॉयटर ओरडले.

"मग तिनं काच तपासायला मला कशाला बोलावलं असतं? आणि हात तर तुमच्याशिवाय कुणाचाच लागला नव्हता. हे तुम्हीच आत्ता सांगितलंत."

"गेनाऊ, अगदी बरोबर," हार्टविग हळूच म्हणाल्या आणि त्यांनी शिपायाला वर पाठवलं. दहा मिनिटांत तो खाली आला. दोन्ही फिल्म रॉयटरांच्या बॅगेत सापडल्या होत्या.

रॉयटर खाली बसले.

"मूळ शिल्प पेटीतून काढताना माझ्या हातून फुटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. मी नक्कल करून घेतली. शिल्पकार परत जाईपर्यंत गप्प राहा, एवढंच तिला म्हणालो. ती नाही म्हणाली. मी ढकललं. डोकं चौथऱ्याच्या कोपऱ्यावर आपटलं."

"तुम्ही कुलूप लावून गेलात, तेव्हा तिचा श्वास चालू होता?"

रॉयटरांनी मान वर केली नाही. हार्टविगनी प्रश्न पुन्हा विचारला. 

यामिनी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली. यशपाल तिच्या शेजारी टेकले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. उर्जाची आई होती.

"यामिनी, अगं उर्जा फोनच उचलत नाहीये. तू आज तिच्याकडे जाणार होतीस ना?"

"यमुनाकाकू," यामिनी म्हणाली, "काका जवळ आहेत का? त्यांना जरा बोलवा ना."



"का गं?"