वरची हवा थांबत नाही

आमची ओळख झाली ती हेरंबच्या नाकावर थर्माकोलचा पंख आपटून!

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. पुठ्ठ्याच्या बोगद्यात मी हेअर ड्रायर लावला, दोऱ्याला बांधलेला पंख सर्रकन वर चढला... आणि दोरा तोडून थेट समोरच्या मुलाच्या नाकावर. मी मात्र पाठ केलेलं भाषण सोडलं नाही. हिंदीतच, शाळेत सगळं हिंदीतच. "पंख ऊपर से गोल है, तो ऊपरवाली हवा का रास्ता लंबा। पीछे जाकर नीचेवाली से मिलना है, इसलिए वो तेज़ भागती है। दबाव कम... और पंख ऊपर!"

नाक चोळत तो म्हणाला, "मिलना ज़रूरी है क्या? दोनों ने वादा किया है?"

"आगाऊ कुठला!" मी पुटपुटले.

"आगाऊ नाही, अकरावी ब," तो शांतपणे म्हणाला. "हेरंब."

अय्या, मराठी! दिल्ली कँटमध्ये माझ्या बाबांसारखे महाराष्ट्रातले फौजी पुष्कळ, पण शाळेत कोण आपलं ते असं काही तोंडून निसटलं तरच कळतं.

"मी देवयानी, दहावी," मी हनुवटी वर केली. "चूक आहे तर दाखव ना करून."

"बिल्कुल."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत साहेब उदबत्तीचा पुडा घेऊन लॅबमध्ये हजर! ड्रायरऐवजी छोटा पंखा. धूर सोडायचा आणि पोस्टकार्ड आडवं घालून तो मध्येमध्ये तोडायचा. मोगऱ्याच्या वासाचा एकेक चिमुकला ढग यायचा, पंखाशी दुभंगायचा... मी श्वास रोखला. वरचा अर्धा ढग खालच्याच्या कितीतरी आधी पलीकडे पोचला. आणि थांबलाच नाही. दोघं परत भेटलेच नाहीत!

"बिचारे," मी म्हणाले.

तो हसला. "वर दाब कमी होतो हे खरं. पण भेटायच्या घाईनं नाही. पंख कलता असतो, तो हवेला खाली वळवतो. पंख हवेला खाली लोटतो, हवा पंखाला वर. हात दे."

त्यानं माझा तळहात पंख्यासमोर किंचित कलता धरला. हात अलगद वर गेला. मग त्यानं बोटं सोडवली, तरी हात तरंगतच राहिला... ते सगळं काही हवेचं काम नव्हतं, यार.

मी प्रदर्शनातला माझा तक्ता नव्यानं लिहिला. लॅबमधल्या सुट्ट्या मात्र चालूच राहिल्या.

आणि मार्चमध्ये त्याच्या बाबांचं पोस्टिंग आलं. नाशिकजवळ, देवळाली.

आम्ही फौजींची मुलं 'येतो' म्हणत नाही. 'पुढच्या पोस्टिंगला भेटू' म्हणतो. पाच शाळांत मी किती जणींना तसं म्हटलंय! एकही भेटली नाही.

ट्रक भरत होता. काळ्या ट्रंका एकावर एक चढत होत्या. हेरंब माझ्यासमोर आला, बुटाकडे बघत म्हणाला, "चलो... पुढच्या पोस्टिंगला भेटू."

"असं नको म्हणूस," मी म्हणाले. "आपोआप कुणी भेटत नाही. हवासुद्धा नाही. भेटायचं तर ठरवावं लागतं. दिवाळीत मी नाशिकला मामाकडे येणारे. पाडव्याला तू ये. कारण मला... मला तू—"

आणि नेमकं तेव्हाच पालमवर उतरणारं विमान डोक्यावरून गडगडत आलं! माझे ओठ हलले, बस्स.

"काय?" त्यानं कानाला हात लावला.

"मला तू आवडतोस, हेरंब!" मी जीव तोडून ओरडले.

विमान केव्हाच पुढे गेलं होतं. गल्ली चिडीचूप. ड्रायव्हर वळून बघत होता. तुळशीची कुंडी छातीशी धरलेल्या काकू, हेरंबची आई, दारातच थबकल्या. धरणी पोटात घेईल तर बरं!

"पहिल्यांदाच कळलं होतं, ओठांवरून," हेरंब हळूच म्हणाला. कान लालबुंद.

"मग 'काय' कशाला विचारलंस?"

"दिवाळी लांब आहे ना... तोवर पुरेल असं ऐकून ठेवायचं होतं." त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "मला पण, देवयानी. तूच. पाडव्याला सकाळीच येतो."

मागून काकूंचा आवाज आला, नको तितका गंभीर, "भैया, अभी गाड़ी मत निकालना। पहले चाय पी लो। आराम से।"