मूठभर तांदूळ आणि तपेल्यातला माणूस

शकूने चांगोला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला डोकं नव्हतं. डोक्याच्या जागी तांब्याचं भलंमोठं तपेलं पालथं बसलं होतं, आणि ते म्हसा गावच्या जत्रेत, घोंगड्यांच्या दुकानांपुढून झोकात चालत येत होतं. शकू बाजूला झाली. तपेलं त्याच बाजूला आलं. ती दुसरीकडे सरकली, तपेलंही सरकलं. मग व्हायचं ते झालं. ठण्ण.

"लागलं काय?" गाभाऱ्यातून यावा तसा आवाज आला.

"तपेल्याला का मला?"

"तपेलं आताच घेतलंय, ठणठणीत हाय. तुमचं मला माहीत नाय."

परक्या पुरुषाशी हसायचं नाही, हे शकूला लहानपणापासून बजावलेलं होतं. भांड्यांबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. म्हणून ती हसली.

"एवढं मोठं कशाला? घरी लगीन हाय?"

"नाय. पोरं हायत."

"किती?"

"तीसेक."

शकूने तपेल्याखालच्या पायांकडे नीट पाहिलं. पाय तरुण होते. "आणि… बायको?"

"ती नाय अजून."

तेवढ्यात तपेलं जरासं वर झालं आणि खालून दोन डोळे बाहेर आले. हसरे, आणि जत्रेच्या धुळीने लाल झालेले. डोळ्यांनी शकूला पाहिलं आणि तपेलं घाईघाईने पुन्हा खाली आलं.

"माझी नायत ती," आतून खुलासा झाला. "डोंगरातल्या पाड्यांवरची. आयबाप मिठागरावर कामाला जातात, काहींना आयबाप नायतच. एकाने पोर ठेवलं माझ्याकडं, दुसऱ्याने पाहिलं, त्यानेपण ठेवलं. मला नाय म्हणता येत नाय. टोकावड्याच्या वाटेवर घर हाय. या कधी."

"कळवून येऊ?"

"नको. कळवलंत तर मी घाबरून भात करपवीन."

आणि तपेलं गर्दीत निघून गेलं. बराच वेळ लोक त्याला वाट देताना दिसत होते.

शकू शेणव्याची. एकोणीसशे अडतीस सालात गावात सातवी पास झालेली ती एकच मुलगी, आणि तिला एकच व्यसन होतं, प्रश्न विचारण्याचं. तिला पाहायला तीन स्थळं आली होती. पहिल्याला तिने विचारलं, 'तुम्हांला राग आला की काय करता?' त्याला तिथल्या तिथे राग आला. दुसरा उत्तरं आईला विचारून सांगतो म्हणाला. तिसऱ्याने पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत तो मागच्या दाराने गेलेला होता. तिची विधवा आत्या धोंडूबाई तेव्हापासून पाहुण्यांना आधी पाणी देई आणि मागचं दार लावून घेई.

पण ह्याच व्यसनापायी गावाने तिच्यावर मोठं काम सोपवलं होतं. शेणव्याच्या बायका रोज भात शिजवताना मापलेल्या तांदळातून एक मूठ काढून कोपऱ्यातल्या मडक्यात टाकत. ही मूठ उघड्यावर पडलेल्या पोरांची. दर महिन्याला सगळी मडकी एकत्र रिकामी व्हायची आणि पोतं एखाद्या चांगल्या आश्रमाला जायचं, असं ठरलं होतं. कुठल्या आश्रमाला, ते शकूने सांगायचं.

"नीट बघ गो," धोंडूबाई म्हणाली होती. "आमच्या पोरांच्या ताटातली मूठ हाय ती. लबाडाच्या पोटात गेली तर एक बाय पुन्हा मूठ उचलायची नाय. मग खऱ्या पोरांनापण काय मिळायचं नाय, आणि तुझ्या शब्दाला कुत्रं विचारायचं नाय."

जत्रेतून बैलगाडीने परतताना शकूने मनाशी स्वच्छ ठरवलं. त्या डोळ्यांवर आपलं मन गेलं आहे, तेव्हा त्या माणसाला दुप्पट प्रश्न विचारायचे. आणि आधी दुसरं ठिकाण पाहायचं.

दुसरं ठिकाण म्हणजे 'श्रीसद्गुणवर्धक बालदया मंदिर', खर्डीपासून जवळच. त्याची पाटी इमारतीपेक्षा लांब होती. व्यवस्थापक अत्तर लावून फाटकात उभे होते. आठ दिवस आधी कळवूनच या, असा त्यांचा निरोप होता. त्याप्रमाणे शकू आणि धोंडूबाई कळवून आल्या होत्या.

पोरं उंचीप्रमाणे रांगेत उभी होती. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "आम्ही सुखी आहोत."

"जेवण कसं असतं?" शकूने पहिल्याला विचारलं.

"उत्तम."

"आणि न आवडणारं काय असतं?"

"उत्तम," पुढचा म्हणाला. त्याला प्रश्न कळलाच नव्हता. उत्तर पाठ होतं.

धोंडूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि आता पाणीही आलं. तिने रांगेच्या पार टोकाच्या एका चिमुरडीला जवळ घेतलं, पदराच्या गाठीचा लाडू तिच्या हातावर ठेवला. "आय नाय गो तुला? बाप नाय? काय नशीब लेकराचं…"

"आजी," पोरगी म्हणाली.

धोंडूबाईला हुंदका आवरेना. व्यवस्थापकांनीही उपरण्याने डोळे टिपले. "पाहिलंत? परक्यालाही आजी म्हणतात. हे संस्कार."

"आजी, मी तुझी लहानी," पोरगी लाडू खात म्हणाली. "आय बाहेर गाडीत बसलीय. इथं पाहुणे आले का शिरा देतात."

धोंडूबाईने पोरीला उजेडात नेलं, नाकाजवळ आणलं, हनुवटीचा तीळ पाहिला. तिची सख्खी नात. खर्डीला दिलेल्या लेकीची लेक. सगळी रांगच खर्डीतून शिऱ्यावर आणलेली होती.

धोंडूबाईने आधी उरलेला लाडू परत घेतला. मग व्यवस्थापकांना जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. पण अत्तराचा वास गेला. मग तिने लाडू पुन्हा नातीला दिला आणि गाडीत बसलेल्या लेकीकडे मोर्चा वळवला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "सगळे तसलेच. मडकी बंद."

"अजून एक ठिकाण राहिलंय, आत्या."

"तिथली पोरं कुणाची? मुरबाडची?"

शकूच्या मनातही तेच आलं. तो तपेल्यातला आवाजही शिऱ्यावरचा निघाला तर? मडकी तर जातीलच… आणि जत्रेपासून जे उगाच हसू येतंय, तेही जाईल. पण जायचंच असेल तर लगेच जावं, असं तिने ठरवलं आणि बैल जुंपायला सांगितले. आत्यालाही गाडीत घेतलं, पण तिकडे काही कळवलं नाही.

टोकावड्याच्या वाटेवरच्या घराला पाटीच नव्हती.

"पाटी होती," चांगो हात पुसत बाहेर येत म्हणाला. "रुंद होती. आता तिच्यावर भाकऱ्या थापतो." मग त्याने शकूकडे पाहिलं, आणि डोक्यावर ओढून घ्यायला काही सापडतं का ते इकडेतिकडे शोधलं.

पोरं रांगेत नव्हती. दोन आंब्यावर होती, काही एका कोंबडीच्या मागे होती, एक तपेल्यात बसून तळ घासत होतं. शकूने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "जेवण कसं असतं रे?"

एवढ्यावर घर उठलं.

"रोज भोपळा."

"भाकर खालून करपलेली."

"चांगोदादा मीठ इसरतो. मग दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं घालतो."

"भिमीला तपेल्याच्या तळाची खरवड दोनदा, मला एकदाच."

"ती खोटं बोलते. मला परवा नाय दिली."

चांगो कानापर्यंत लाल झाला. "भोपळ्याचा वेल जरा… जास्त लागलाय," तो पुटपुटला.

धोंडूबाई वळली. "चल गो शकू. पोरं हालात हायत."

शकू मात्र हसत होती. इतकी, की तिला ओसरीवर बसावं लागलं.

"आत्या, उपाशी पोर भोपळ्याला नावं ठेवील? रोज भोपळा म्हणजे रोज जेवण. ज्याला कधीतरी मिळतं तो उत्तम म्हणतो. तक्रार करायला रोज मिळावं लागतं."

धोंडूबाई विचारात पडली. मग तिने भिमीला पकडून उजेडात नेलं आणि तिची हनुवटी तपासली. तीळ नव्हता. तपेल्यातल्या पोराचीही तपासली. एकेक करून सगळ्यांच्या हनुवट्या झाल्या, तेव्हा ती म्हणाली, "आमची नायत. ठरवायचं ते मीच ठरवणार. नायतर लोक म्हणतील, पोरीने डोळे बघून तांदूळ दिले." मग तिने चुलीवरचा भोपळा चाखला आणि तोंड वाकडं केलं. "तांदूळ हितंच. पण येताना आमी कळवणार नाय, आणि तुझ्याआधी पोरांना विचारणार."

"विचारा," चांगो म्हणाला. "मला तर रोज सांगतात."

त्यानंतर दर महिन्याला शेणव्याच्या दोन बायका पोतं घेऊन जात. दोघींपैकी एक पाळीने बदले. दुसरी शकू असे. ती प्रश्न विचारी, चांगो उत्तरं देई. आणि उत्तरं संपली तरी प्रश्न संपत नसत, आणि प्रश्न संपले तरी गाडी जुंपली जात नसे.

होळी झाल्यावर एका दुपारी शेणव्याच्या आळीत तपेलं चालत आलं. तांदूळ न्यायची वेळ नव्हती. तपेलं रिकामं होतं, म्हणजे माणूस सोडून. ते शकूच्या अंगणात थांबलं.

"डोकं बाहेर काढा," शकू म्हणाली.

"नाय. बाहेर काढलं तर बोलता यायचं नाय."

"काय बोलायचंय?"

"तुमी रोज पाहिजे," तपेलं म्हणालं. तांब्याचं असल्यामुळे ते सगळ्या आळीने ऐकलं. दारं उघडली. धोंडूबाईने सवयीने मागचं दार लावून घेतलं.

पण शकूची सवय ती सवय. "राग आला की काय करता?"

"भांडी घासतो."

"आईला विचारून सांगाल?"

"आय नाय. भिमीला विचारलं. ती हो बोलली, पण खरवड तिचीच राहील."

"आणि माझ्या हातचा भोपळा खाल?"

"खाईन… पण तक्रार करीन."

"रोज?"

"रोज."

शकू पायरी उतरली. पुढचं आळीतल्या बायकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि धोंडूबाईला सांगितलं, कारण तिला एवढ्या लांबचं दिसत नसे: तपेल्याला आता चार पाय होते, त्यातल्या दोन पायांत पैंजण होते, आणि आतून शकूचा आवाज घुमत होता.

"माझी पयली तक्रार. एवढा उशीर कशाला लावलात?"