देव एक, देवळं दोन

चेंडू भिंतीवरून उसळला आणि थेट चहाच्या पेल्यात! सगळा चहा उडाला पेलेवाल्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर.

"अगं आई गं..." शिवप्रियानं जीभ चावली.

समोर उभा होता बसवेश. अणदुरात ठिबकच्या नळ्यांचं दुकान त्याचं, आणि ती ज्या भिंतीवर रॅकेट चालवत होती ते गोदामही त्याचंच. चिडायचं सोडून त्यानं पेल्यातून चेंडू काढला, दाबून पाहिला.

"हा कसला खेळ म्हणायचा?"

"स्क्वॅश. भारताच्या संघात आहे मी. शिबिरातून सुट्टीला आलेय, पण सराव चुकवून कसं चालेल? आणि हा चेंडू गरम झाल्याबिगर उसळत न्हाय."

"म्हणून चहात बुडवला व्हय?"

ती खुदकन हसली. झालं! घात तिथंच झाला म्हणा ना. दुसऱ्या दिवशी बसवेशनं नळ्यांची वेटोळी हलवून जागा करून दिली आणि चेंडूमागं धावायचं काम स्वतःकडं घेतलं. दुकानात गिऱ्हाईक ताटकळायचं, याचं आपलं "आता गुण कुणाला?" चालूच. चेंडू देता-घेता बोटं जरा जास्तच रेंगाळायची... दोघांचीही!

पण आशियाई सांघिक स्पर्धेला निघायच्या सकाळी गडी मुका झाला. एसटी लागली तरी गप्प.

"बोल की काहीतरी!"

"काय बोलू? तुझा खेळ तिकडं, माझं दुकान इथं. खेळ सोड म्हणायचं पाप मी करणार न्हाय. आणि दोन गावांत संसार होतो व्हय कुठं?"

तिला असा राग आला, की निरोपही न घेता ती गाडीत चढली. नळदुर्ग आलं तरी डोळे पुसणं थांबेना. तिथं दर्शनाला उतरणारी एक म्हातारी शेजारणीला सांगत होती, "खंडोबा सध्या इथंच हाय गं. मुक्काम संपला की जाईल अणदूरला." शिवप्रिया पुसता पुसता थबकली.

अंतिम सामन्यात दोन्ही संघांची एक-एक लढत जिंकून बरोबरी झाली आणि शेवटची लढत आली शिवप्रियाच्या वाट्याला. काचेच्या कोर्टात शेवटचा गेम, आणि ती मागं! पाय दगड झालेले. समोरची पोरगी तिला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवत होती. 'आता तापलाय चेंडू, आता घाबरायचं न्हाय,' ती स्वतःलाच म्हणाली. एकेक गुण खेचत तिनं बरोबरी गाठली, पुढं गेली आणि अखेरच्या गुणाला चेंडू असा अलगद भिंतीच्या पायथ्याशी सोडला, की समोरची धावली, वाकली... पण पोचलीच नाही!

मैत्रिणींनी तिला उचललं. तिरंगा खांद्यावर आला. आणि या बयेनं काय केलं? पहिला फोन बसवेशला लावला.

"बसवेश, मध्ये बोलू नको! आपला खंडोबा बघ की. देव एक, देवळं दोन. थोडे महिने नळदुर्गात, बाकी अणदुरात, दोन्ही गावं करार करून देवाला नेतात-आणतात. देवाला जमतं ते आपल्याला न जमायला काय धाड भरलीय? मला खेळ पण पाहिजे आणि तू पण पाहिजेस... लई आवडतोस रे!"

पलीकडून हशाचा लोटच आला. शे-दोनशे माणसांचा!

"अगं..." बसवेश चाचरला. "सामना देवळापुढं मोठ्या पडद्यावर लावलाय. माझा फोन अजून पडद्याला आन् कर्ण्याला जोडलेला हाय."

शिवप्रियानं तिरंग्यात तोंड लपवलं.

तेवढ्यात गावातले जुने मानकरी पंचाक्षरी अप्पा गरजले, "पोरी, तू आन् ती दुसरी पोरगी, दोघी एकाच भिंतीकडं तोंड करून खेळता, आमाला वाटलं जोडीदारच! निम्म्या सामन्यात तिच्या गुणालाबी आमी येळकोट केला. पण ही जोडी मातुर बरोबर वळखली. करार आमी करून देतो. फक्त ह्या मुक्याचं तोंड उघडू दे!"

शिवप्रियानं फोन कानाशी घट्ट धरला.

"मंजूर," बसवेश म्हणाला. "शिवप्रिया, भिंत रंगवून घेतलीय गं, तुझ्यासाठी रेघाबी मारल्यात. चहा ठेवतो... चेंडू घेऊन ये."