अस्वलाचं उष्टं

कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने सरळ आंधळगावात यावं आणि माझ्या मोठ्या जावेला, रुखमाला, विचारावं. ती चहा पाजेल, वर पोहेही करेल. पण त्या पिशवीचं नाव काढलं की उठून हात धुवायला जाईल.

साबण लावून. दोनदा.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. धान कापणीचे दिवस होते.

रुखमा शिवण कुणाकडे शिकली नाही. मोबाईलवर बघून बघून शिकली. घरात जुनं कापड दिसलं की तिच्या हाताला खाज सुटायची. जेठजींची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, लुंगीसुद्धा वाचली नाही, तिची बाजाराची थैली झाली.

तिची नात मोना सात वर्षांची. आई-बाप नागपूरला कामाला, म्हणून ती आजीजवळच राहायची. तिला अस्वलाची पिशवी हवी होती, शाळेत न्यायला.

कापूस भरलेलं खेळण्यातलं अस्वल घरात होतंच.

जेठजींची भाची मेघा अड्याळला असते. गोधडीसाठी तिने जुन्या कपड्यांचं पोतं पाठवलं होतं, त्यात ते आलं होतं. मेघाची पोरगी आदल्या वर्षी आजारात गेली होती. अस्वल तिचं, हे रुखमाला ठाऊक होतं. पण धुतलं की झालं, असं तिने स्वतःला समजावलं.

पाठीकडून उसवून तिने कापूस ओढला. वरचा पांढरा होता.

आतला मात्र...

चिकटलेला. पिवळा. आंबलेल्या पेजेसारखा वास येणारा. मधेमधे काळी पडलेली शितं, आणि एक वाळलेला गोळा. त्यावर बारीक दात उमटले होते.

उंदराचे असतील, असं ती म्हणाली आणि सगळा कापूस उकिरड्यावर टाकून आली.

खोळ सोड्यात उकळली, उन्हात वाळवली. लाल अस्तर लावलं, चेन बसवली, बंद शिवले. पिशवी झाली झकास. मोना ती पाठीवर घेऊन गावभर फिरली.

आणि तेव्हापासून तिची भूक काही भागेना.

ताटभर भात खायची. उठायची. "आजी, भूक लागली."

आठवड्याभरात गालफडं बसली. हातातल्या बांगड्या गळून पडायला लागल्या. डॉक्टरने तपासलं, काही निघालं नाही.

एक दिवस शाळेचा डबा काढायला रुखमाने पिशवीत हात घातला.

आत काहीतरी... कोमट होतं.

चावलेला वरण-भात. लाळेने बुळबुळीत झालेला. बोटांना तार सुटत होती.

पोरगी अन्न लपवते म्हणून रुखमाने तिला एक ठेवून दिली. मोना रडत शपथा घ्यायला लागली. मग भर दुपारी रुखमाने तिला समोर बसवलं आणि पिशवी पलीकडच्या भिंतीला, खुंटीला टांगली. वांग्याची भाजी वाढली. प्रत्येक घासाला तोंड उघडायला लावलं.

"आऽ" करून मोना दाखवायची. तोंड रिकामं.

आणि खुंटीकडून...

मच्. मच्. मच्.

उघड्या तोंडाने लेकरू जेवतं ना, तसं.

अस्वलाचं पोट हळूहळू फुगत होतं. रुखमाने चेन ओढली. आत वांगं होतं. चावलेलं. वाफ निघत होती.

ती अंगणात जाऊन भडभडून ओकली. मग मेघाला फोन लावला.

मेघाने सगळं ऐकून घेतलं.

"मामी, तिले गिळता नव्हतं येत. मी मारीन म्हणून चावून चावून अस्वलाच्या उसवल्या तोंडात कोंबे. मले वाटे, पोरगी जेवली." मग अगदी हळू, "अन् तुमी त्याचं पोट रिकामं केलं?"

रुखमाने उकिरडा हाताने उपसला. शेणातून, राखेतून तो घाण कापूस वेचला. पण कोंबड्यांनी अर्धा विस्कटून टाकला होता. तो भरूनही पोट खपाटीलाच राहिलं. मग तिने स्वतःचं अंगावरचं जुनं पोलकं फाडून भरलं, चेन काढून पाठ शिवली, आणि अड्याळला जाऊन मेघासोबत ते अस्वल, पोरीला पुरलं होतं त्याच मातीत पुरलं.

त्या संध्याकाळी मोनाने दोनदा भात मागून घेतला. ढेकर दिली आणि आजीच्या मांडीवर झोपली.

पोरगी वाचली. आता चांगली गुटगुटीत आहे.

रुखमा मात्र वाळत चालली. बायका चिडवतात, कोणतं डायट करून राहिली म्हणून. ती हसते.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे जेवायला होते. लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी केली होती. तिचं ताट नुकतंच चाटूनपुसून झालं होतं, तेवढ्यात मेघाचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता.

पोरीच्या मातीवर मुंग्यांची रांग लागली होती. माती ओली, चिकट. वर... काहीतरी चावलेलं पडलं होतं.

"मामी, आज लाखोळीची भाजी केली का तुमी?"

रुखमाने फोन खाली ठेवला. माझ्याकडे वळली. आणि लहान पोरीसारखं तोंड उघडलं.

"पाह्य बरं, मी गिळली ना?"

तोंड रिकामं होतं.

मी "हो" म्हणाले. माझ्या ताटातली भाजी तशीच राहिली.